सर्दी दाराबाहेरच राहू दे

“सिस्टर, लेकराला जिना चढताना दम लागायलाय.”

लातूरकडची एक मावशी ओपीडीच्या दारात उभी राहून मला सांगत होती. मागे तिचा १९ वर्षांचा मुलगा. तोंडाला मास्क, डोळ्यांत हसू. “काही नाही हो सिस्टर, आई उगाच घाबरते,” असं त्याचं चाललेलं. त्याच्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटला ६१ दिवस झाले होते. आमच्या भाषेत ‘डे प्लस ६१’. नवी मज्जा शरीरात सोडली तो दिवस शून्य, त्यानंतरचा प्रत्येक दिवस अधिक. बीएमटी वॉर्डात काम करणाऱ्याला आज कोणता दिवस विचारलात तर आधी हा हिशेब आठवतो, कॅलेंडर नंतर.

मी त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. ९५. तसं बरं. मग म्हटलं, “बाळा, या कॉरिडॉरच्या टोकापर्यंत दोनदा जाऊन ये बघू, भरभर.” तो गेला, आला, खुर्चीत बसला. पुन्हा बोट धरलं. ९१, ८९, ८७. त्याला स्वतःला फारसं काही जाणवत नव्हतं. ताप म्हणावा तर ९९.६. खोकला कोरडा, तोही अधूनमधून. मी मावशीला बाकावर बसवलं आणि रांग मोडून त्याची फाईल डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

मी २८ वर्षं मुंबईत नर्सची नोकरी केली, त्यातली २१ वर्षं बीएमटी वॉर्डात. निवृत्त होऊन आता कुडाळला माझ्या घरी असते. पण ओळखीपाळखीतून फोन येतच असतात. “सिस्टर, ट्रान्सप्लांट छान झाला, घरी आणलंय, फक्त साधी सर्दी आहे, काय करू?” त्या ‘साधी’ या शब्दासाठी मी हे लिहायला बसले आहे.

मज्जा म्हणजे हाडांच्या पोकळीतला मऊ, लालसर भाग. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, सगळं रक्त तिथे तयार होतं. रक्ताचा कर्करोग, ॲप्लास्टिक ॲनिमिया, थॅलेसेमिया अशा आजारांत ही मज्जाच बिघडते. मग केमोथेरपीचे जबर डोस देऊन, कधी रेडिएशन देऊन ती रिकामी करायची आणि तिथे दात्याच्या मूळपेशी वसवायच्या. अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५७ च्या सुमारास या वाटेवर पहिली पावलं टाकली. पुढे सिअ‍ॅटलला त्यांनी हे शास्त्र उभं केलं आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या मुलीवर हा उपचार केला. मज्जा तिच्या भावाची होती. स्वतः व्हीलचेअरवर बसून रुग्ण तपासणारे हे डॉक्टर ते शास्त्र सिअ‍ॅटलहून, थॉमस यांच्याकडून शिकून आले होते.

‘ट्रान्सप्लांट’ म्हटलं की नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर ऑपरेशन थिएटर येतं. प्रत्यक्षात रक्ताच्या पिशवीसारखी एक पिशवी स्टँडला टांगली जाते आणि छातीतल्या नळीतून तास-दोन तासांत शरीरात जाते. “एवढंच?” असं मला कितीतरी जणांनी विचारलंय. खरी लढाई त्यानंतरची. जुनी मज्जा संपलेली, नवी अजून रुजलेली नाही. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर. हे दोन ते चार आठवडे रुग्ण एकट्याच्या खोलीत असतो. हवा बारीक फिल्टरमधून गाळून आत सोडलेली, आत जाणारा प्रत्येक माणूस हात धुऊन, मास्क लावून. बाहेर बाकावर घरचे रोज एकच प्रश्न विचारतात : “काउंट आला का?”

न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या की मज्जा रुजली असं आम्ही धरतो. त्या दिवशी वॉर्डात पेढे येतात. मीही खाल्लेत, डोळे पुसत खाल्लेत. पण गैरसमज नेमका इथूनच सुरू होतो. काउंट आला म्हणजे प्रतिकारशक्ती आली असं घरचे समजतात. न्यूट्रोफिल हे बॅक्टेरिया आणि बुरशीशी लढणारे. विषाणूंचा बंदोबस्त मुख्यतः टी-पेशी करतात, आणि त्या सावकाश येतात. कुणाला सहा महिने, कुणाला वर्ष, कुणाला त्याहून जास्त. वस्तीत नवे राखणदार उभे राहिले, पण चोर कोण हे ओळखणारे जुनेजाणते अजून यायचेत, अशी ती अवस्था. त्यातच दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीराला परकं समजून त्याच्या कातडीवर, आतड्यावर, यकृतावर उलटल्या, ज्याला आम्ही जीव्हीएचडी म्हणतो, तर त्यांना आवरायला स्टेरॉइड द्यावं लागतं. स्टेरॉइडने त्या आवरतात, आणि थोडीफार आलेली प्रतिकारशक्तीही झोपते.

आमच्या लातूरच्या मुलाचं असंच झालं होतं. दाता त्याची आईच. पूर्ण जुळणारं भावंड नव्हतं, म्हणून ‘हाफ मॅच’. “माझंच रगत हाय की त्याच्यात आता,” असं मावशी कौतुकाने सांगायची. पस्तिसाव्या दिवशी अंगावर लाल पुरळ उठलं, स्टेरॉइड सुरू झालं, पुरळ गेलं. मुलगा गावी जायचा हट्ट धरून बसला. दर आठवड्याची रक्ततपासणी चुकवायची नाही या बोलीवर दोघं गेली. पहिल्या आठवड्याचं रक्त दिलं. पुढचे दोन आठवडे दिलं नाही. घरी सोयाबीनची काढणी, एसटीचं भाडं, आणि मुलगा तर खाऊनपिऊन ठणठणीत दिसत होता. मावशीला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही. ती तपासणी नेमकी कशासाठी आहे हे तिला समजेल अशा भाषेत आमच्यापैकी कुणी सांगितलं होतं का, हा प्रश्न मी त्या दिवशी स्वतःला विचारला.

ती तपासणी होती सीएमव्हीची. सायटोमेगॅलोव्हायरस हे त्याचं लांबलचक नाव. कांजिण्यांचा विषाणू ज्या घराण्यातला, त्याच घराण्यातला हा. आईच्या दुधातून, लाळेतून, भावंडांच्या उष्ट्यातून तो लहानपणीच अंगात येतो. भारतात मोठ्या माणसांपैकी बहुतेक सगळ्यांच्या शरीरात तो आहे. तुमच्याही असेल, माझ्याही. आला तेव्हा फार तर दोन दिवसांचा ताप आला असेल, कुणाच्या लक्षातही राहिला नसेल. पण तो गेलेला नसतो. पेशींत दडून बसतो आणि टी-पेशी त्याच्यावर जन्मभर पहारा ठेवतात. पहारा उठला की तो जागा होतो. ट्रान्सप्लांटनंतर साधारण पहिला महिना सरल्यापासून शंभराव्या दिवसापर्यंतचा काळ हा त्याचा. रुग्णाने कितीही मास्क लावला तरी हा आतूनच येतो. कधी आतड्यात जातो, क्वचित डोळ्याच्या पडद्यावर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे फुप्फुसात.

फुप्फुसात तो हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती सुजवतो. भिंत जाड झाली की ऑक्सिजन रक्तात उतरत नाही. म्हणून सुरुवातीला बसलेल्या माणसाचं सॅचुरेशन बरं दिसतं, आणि चालायला लावलं की घसरतं. बॅक्टेरियाच्या न्यूमोनियात थंडी वाजून ताप येतो, पिवळा बेडका पडतो. इथे कोरडा खोकला आणि जिन्यावरचा दम. फसवं दुखणं.

त्याच संध्याकाळी मुलाचा सीटी स्कॅन झाला. दोन्ही फुप्फुसांवर घासलेल्या काचेसारखा धुरकटपणा. दुसऱ्या दिवशी ब्राँकोस्कोपी : नाकातून दुर्बीण फुप्फुसाच्या फांदीपर्यंत नेऊन थोडं सलाईन सोडायचं, ते परत खेचायचं आणि तपासायला पाठवायचं. हा खटाटोप का, असं घरचे विचारतात. कारण सीटीवर सीएमव्ही, इन्फ्लुएन्झा, एक प्रकारची बुरशी आणि औषधाने झालेली इजा ही सगळी एकमेकांसारखी दिसू शकतात, आणि उपचार मात्र प्रत्येकाचा वेगळा. शिवाय दोन शत्रू एकदम असतात, हेही आम्ही पाहिलेलं. धुतलेल्या पाण्यात सीएमव्ही निघाला. रक्तातही निघाला, भरपूर.

या आजाराचा इतिहास मी नव्या सिस्टरांना नेहमी सांगत असे, कारण तो कळला की शिस्तीचा कंटाळा येत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सिअ‍ॅटलसारख्या केंद्रातही सीएमव्ही न्यूमोनिया झालेल्या दर १०० ट्रान्सप्लांट रुग्णांपैकी ८० ते ९० दगावत. कर्करोग बरा झालेला, मज्जा रुजलेली, आणि माणूस या न्यूमोनियाने जायचा. मग गॅन्सिक्लोव्हिर हे औषध हाती आलं. १९८५ च्या सुमारास ते देऊन पाहिलं तर फुप्फुसातला विषाणू नाहीसा झाला, पण रुग्ण काही वाचेनात. नुसता विषाणू मारून भागत नव्हतं. सुजलेलं फुप्फुस सावरेपर्यंत वेळ निघून गेलेली असे. १९८८ मध्ये सिअ‍ॅटल आणि न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी गॅन्सिक्लोव्हिरच्या जोडीला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे निरोगी माणसांच्या रक्तातली प्रतिपिंडं, दिली आणि पहिल्यांदा निम्म्याच्या आसपास रुग्ण जगले.

पण खरं वळण १९९१ मध्ये आलं, आणि ते नव्या औषधामुळे आलं नाही. औषध तेच होतं, फक्त वेळ बदलली. सिअ‍ॅटलच्या डॉक्टरांनी न्यूमोनियाची वाट पाहिली नाही. रुग्णाच्या घशात, रक्तात किंवा लघवीत विषाणू दिसला की माणूस धडधाकट असतानाच गॅन्सिक्लोव्हिर सुरू केलं. शंभर दिवसांत औषध घेतलेल्या ३७ जणांपैकी एकाला सीएमव्हीचा आजार झाला. औषध न मिळालेल्या ३५ जणांपैकी १५ जणांना. आज जगभर दर आठवड्याला रक्ताचा पीसीआर करतात तो यातूनच आलेला. विषाणूंची संख्या वाढू लागली की लगेच औषध. विषाणू रक्तात आहे तोवर त्याला पकडता येतं. फुप्फुसात उतरल्यावर आमच्या हातात फार थोडं राहतं. माझ्या २१ वर्षांत मला कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती विचाराल तर हीच : या न्यूमोनियाचा उत्तम उपचार न्यूमोनिया होण्याआधीच असतो.

लातूरच्या मुलाच्या बाबतीत ती वेळ गेली होती. त्यामुळे लढाई लांबली.

गॅन्सिक्लोव्हिर दिवसातून दोनदा, वजनाच्या हिशेबाने, एक तास सावकाश, छातीतल्या नळीतून. हातातल्या शिरेतून दिलं तर शीर जळते. तयार करताना आम्ही केमोसारखीच काळजी घ्यायचो, हातमोजे, गाऊन, कारण कातडीला लागू द्यायचं नसतं. जोडीला इम्युनोग्लोब्युलिन. नाकातल्या साध्या नळीने भागेना, तेव्हा हाय फ्लो लावला. मिनिटाला ४० लिटर गरम, ओलसर ऑक्सिजनयुक्त हवा नाकात जाते, आवाजाने शेजारच्याला झोप येत नाही. दिवसातून काही तास पालथं झोपवायचो, म्हणजे पाठीकडचं फुप्फुस उघडतं. तो कुरकुरायचा. मावशी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसायची. बोलायची नाही.

उपचाराच्या नवव्या दिवशी ऑक्सिजन थोडा उतरवता आला, आणि त्याच सकाळी पांढऱ्या पेशींचा रिपोर्ट आला : न्यूट्रोफिल ६००. दोन दिवसांपूर्वी १९०० होते. गॅन्सिक्लोव्हिरचा हा दोष आहे. ते मज्जेलाच मारतं. इतक्या कष्टाने रुजवलेलं रोप, आणि त्याच्या मुळाशीच हे औषध ओतायचं. डॉक्टरांनी पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं आणि औषध बदलून फॉस्कार्नेट सुरू केलं. ते मज्जेला धक्का लावत नाही, पण किडनीवर घाव घालतं, आणि रक्तातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम खाली आणतं. म्हणून आधी भरपूर सलाईन, मग औषध, रोज रक्त, लघवीचा थेंब न् थेंब मोजायचा. शिवाय ते लघवीतून बाहेर पडताना नाजूक जागी जखमा करतं. हे तरुण मुलाला सांगताना बाकीचे चाचरतात, मी सरळ सांगायची, “प्रत्येक वेळी लघवी झाली की पाण्याने धुवायचं. लाजायचं नाही आणि विसरायचं नाही.”

एका रात्री अडीचच्या सुमाराला बेल वाजली. मुलगा म्हणाला, “सिस्टर, ओठांभोवती मुंग्या आल्यात.” ड्रिप चालू होती. मी आधी ती थांबवली, मग मॉनिटरकडे पाहिलं, मग ड्यूटीवरच्या डॉक्टरांना उठवलं. कॅल्शियम उतरलं होतं. शिरेतून कॅल्शियम गेलं, अर्ध्या तासात मुंग्या थांबल्या. न बोलता राहिला असता तर झटका येऊ शकला असता. रुग्ण आपल्या अंगातल्या बारीकसारीक गोष्टी बोलतो, त्यावर त्याचा जीव तरतो. माझ्या वॉर्डात कुणी “एवढ्याशा गोष्टीला बेल कशाला वाजवली” असं रुग्णाला म्हटलेलं मी कधी खपवून घेतलं नाही.

सव्विसाव्या दिवशी तो घरी गेला, म्हणजे धर्मशाळेत. पुढचे दोन महिने मावशीने एकही तपासणी चुकवली नाही. लातूरला परत जायची घाईही केली नाही. आज त्याचं औशाला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

आता या दुखण्यावर आणखी एक वाट निघाली आहे. लेटरमोव्हिर नावाची गोळी, अमेरिकेत २०१७ पासून मान्य. ती मज्जेला मारत नाही, म्हणून ट्रान्सप्लांटनंतर पहिल्या महिन्यातच सुरू करून शंभर दिवसांपर्यंत, जास्त धोका असेल तर त्यापुढेही देता येते. विषाणूला उठूच द्यायचं नाही, हा विचार. महाग आहे. पण एका सीएमव्ही न्यूमोनियाचं बिल मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे परवडत असेल तिथे ती द्यावी असं माझं मत आहे. काही केंद्रांत तर त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशीच दात्याच्या रक्तातून वाढवून रुग्णाला देतात. त्याचा पहिला प्रयोगही सिअ‍ॅटललाच झाला, १९९२ च्या सुमारास.

सीएमव्ही आतून येतो. बाकीचे दारातून येतात, माणसांच्या अंगावरून येतात. मला त्यांचीच जास्त भीती वाटते, कारण त्यांच्यासाठी दर आठवड्याची तपासणी नाही आणि बहुतेकांवर धड औषधही नाही.

चिपळूणजवळच्या एका गावातली बाई, वय ३४. बहिणीची मज्जा, उत्तम जुळलेली. नव्वदाव्या दिवशी घरी गेली तेव्हा गणपती चार दिवसांवर होते. कोकणातल्या घरात गणपतीला किती माणसं येतात हे मला कुणी सांगायला नको. मी त्यातच वाढले. मुंबईहून दीर आले, नणंदा आल्या, आरतीला वाडीतली पोरं. त्यात एक तीन वर्षांचा भाचा, नाक वाहणारा, तिच्या मांडीवर चढून बसणारा. वर्षभराने घरी आलेल्या बाईने लेकराला दूर सारायचं कसं? चौथ्या दिवशी तिला सर्दी झाली. सहाव्या दिवशी खोकला. जवळच्या एका मोठ्या दवाखान्यात दाखवलं. तिथे अँटिबायोटिक आणि वाफारा देऊन चार दिवस ठेवलं, ट्रान्सप्लांट झालाय हे सांगूनही आमच्या डॉक्टरांना कुणी फोन केला नाही. आमच्याकडे पोचली तेव्हा सॅचुरेशन ७८ होतं. नाकाच्या स्वॅबमध्ये पॅराइन्फ्लुएन्झा निघाला. हा विषाणू आपल्या पोरांना घसा बसवतो आणि आठवड्यात निघून जातो. त्याला मारणारं मान्य औषध नाही. आम्ही तिला चालू असलेलं स्टेरॉइड कमी केलं, इम्युनोग्लोब्युलिन दिलं, ऑक्सिजन, मग व्हेंटिलेटर. अकराव्या दिवशी ती गेली.

तिच्या नवऱ्याने नंतर मला डिस्चार्जचा कागद दाखवला. ‘गर्दी टाळावी’ असं त्यात होतं, इंग्रजीत, बारा ओळींमधली नववी ओळ. तो प्राथमिक शाळेत शिक्षक होता, सुशिक्षित माणूस. म्हणाला, “सिस्टर, गर्दी म्हणजे बाजार, लग्न असं वाटलं आम्हाला. घरचीच माणसं म्हणजे गर्दी असं वाटलंच नाही.” त्या दिवसापासून मी घरी जाणाऱ्या प्रत्येकाला मराठीत बसून सांगू लागले, आणि त्यांच्याकडून परत वदवून घेऊ लागले.

इन्फ्लुएन्झा असेल तर ओसेल्टामिव्हिर आहे. ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर चांगलं. ट्रान्सप्लांटच्या रुग्णाला उशीर झाला तरी देतात. मुंबई-पुण्यात या फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, जुलै ते सप्टेंबर, म्हणजे नेमकी गणपतीच्या आसपास. आरएसव्ही नावाचा विषाणू तान्ह्या मुलांची छाती भरवतो. ट्रान्सप्लांटच्या रुग्णात तो नाकातून काही दिवसांत फुप्फुसात उतरू शकतो. त्यावर रिबाव्हायरिन आहे. पूर्वी परदेशात रुग्णाला तंबूत ठेवून दिवसाचे १८ तास त्याची वाफ देत; गरोदर नर्सला त्या खोलीत जायला बंदी असे, कारण पोटातल्या बाळाला अपाय व्हायचा धोका. आता अनेक ठिकाणी गोळीच देतात. विषाणू नाकातच असताना दिलं तर उपयोग जास्त, छातीत उतरल्यावर कमी. ॲडिनोव्हायरसला सिडोफोव्हिर, पण किडनीची किंमत मोजून. आणि कोविडने तर आम्हाला सगळ्यात कडक धडा दिला : सुरुवातीच्या काळात ट्रान्सप्लांट झालेल्या ३१८ रुग्णांची नोंद एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात झाली, त्यांतले जवळजवळ तिसरा हिस्सा रुग्ण ३० दिवसांत दगावले.

लसीबद्दल लोकांना एक गोष्ट ठाऊक नसते. ट्रान्सप्लांटनंतर लहानपणी घेतलेल्या लसींची आठवण शरीर बरीचशी विसरतं. तीस वर्षांच्या माणसाला धनुर्वात, घटसर्प, पोलिओ, न्युमोकोकस, सगळं पहिल्यापासून द्यावं लागतं, साधारण सहा महिन्यांनंतर. गोवर-गालगुंडाची जिवंत लस दोन वर्षांनी, तीही औषधं बंद असतील तरच. फ्लूची लसही सहा महिन्यांनंतर, मग दरवर्षी. पण त्याच्या अंगात लस नीट रुजेपर्यंत त्याचं संरक्षण घरच्यांच्या अंगात असतं. नवरा, सासू, मुलं, स्वयंपाकाला येणाऱ्या ताई, या सगळ्यांनी फ्लूची लस पावसाळ्याआधी घ्यायला हवी. लातूरची मावशी अजून दर जूनमध्ये घेते. मला फोन करून सांगते, “सिस्टर, टोचून आले बरं का.”

तुमच्या घरात, शेजारात, ऑफिसात कुणाचा बोन मॅरो ट्रान्सप्लांट झाला असेल तर माझी हात जोडून विनंती आहे. पहिलं वर्ष त्याच्या सर्दीला सर्दी म्हणू नका. नाक वाहू लागलं त्याच दिवशी त्याच्या ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. ताप १००.४ झाला तर रात्र असली तरी निघा. ताप नसला तरी रोज सकाळी त्याला अंगणात किंवा गॅलरीत थोडं चालवा आणि चालल्यावर ऑक्सिमीटर लावा. तीन-चार अंकांनी घसरला तर तो आकडा लिहून घेऊन लगेच कळवा. आठवड्याचं रक्त द्यायला पैसे नसतील तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला विचारा, पण ते रक्त चुकवू नका. गावच्या डॉक्टरांकडे जावं लागलं तर आधी आपल्या डॉक्टरांचा नंबर त्यांच्या हातात द्या आणि तुमच्यासमोर फोन करायला सांगा.

आणि तुम्हाला स्वतःला शिंका येत असतील, घसा खवखवत असेल, तर त्याला भेटायला जाऊ नका. कितीही जवळचे असलात तरी जाऊ नका. फोन करा. डबा दाराबाहेर ठेवून या.